आईचं एलडीएल नॉर्मल आहे, मग स्टॅटिन कशाला?

तुमचे दोन प्रश्न आहेत. तुमच्या मधुमेही आईचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 96 म्हणजे नॉर्मल असताना डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) का दिलं, आणि मधुमेहाने रक्तपेशीही बिघडतात का? मी डॉक्टर नाही, पण बऱ्याच वर्षांचा मधुमेही आहे आणि हे रिपोर्ट वाचायला शिकण्यात मी बराच वेळ घातलाय. मला वाटतं, तुम्ही ज्या दोन आकड्यांवर भिस्त ठेवलीय, ते एलडीएल आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी), दोन्ही एकेकटे वाचून चालणार नाही.

आधी कोलेस्टेरॉल. मधुमेहात एलडीएल फारसं वाढतंच असं नाही. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही तेव्हा चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सुटून यकृतात जातात आणि यकृत त्यातून ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) भरलेले कण रक्तात सोडतं. हे कण एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि एलडीएलशी देवाणघेवाण करतात. त्यात एचडीएल घटतं, आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. रिपोर्टमध्ये मोजलेलं असतं ते या कणांमधलं कोलेस्टेरॉल, कणांची संख्या नव्हे. म्हणून 96 दिसलं तरी कण बरेच जास्त असू शकतात. आईचं ट्रायग्लिसराइड 260 आणि एचडीएल 34 आहे, म्हणजे अगदी हाच नमुना.

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून बघा: 182 उणे 34, म्हणजे 148. हे नॉन-एचडीएल. जोखीम जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये ते 100 च्या खाली आणि एलडीएल 70 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा मधुमेह डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली नसते. आणि स्टॅटिन फक्त आकडा उतरवायला देत नाहीत. 2004 मध्ये कार्ड्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या टाइप 2 मधुमेहींना आधी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फार वाढलेलं नव्हतं. तरी ॲटोर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण आईच्या बाबतीत फायद्याचं पारडं स्पष्टपणे जड आहे. गोळी बंद करू नका.

आता रक्तपेशी. पांढऱ्या पेशी 11,200 म्हणजे थोड्याच वाढल्यात. लघवीचा किंवा हिरड्यांचा संसर्ग, पायाला जखम आहे का ते बघा, काही सापडलं नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. शुगर जास्त असली की या पेशी नीट लढत नाहीत, म्हणून छोटी जखमही सोडून देऊ नका.

मला जास्त काळजी वाटते ती हिमोग्लोबिन 10.4 आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 103 ची. तांबड्या पेशी कमी आणि आकाराने मोठ्या, त्यात 12 वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, शिवाय पायांना मुंग्या! मेटफॉर्मिनमुळे बी12 जीवनसत्त्वाचं शोषण कमी होतं आणि कमतरता हळूहळू वाढत जाते. मुंग्या येतात म्हटलं की सगळे मधुमेहाच्या नावावर टाकून मोकळे होतात, आणि बी12 तपासायचं राहून जातं.

याचा एचबीएवनसीशीही संबंध आहे. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ही तपासणी सांगते. बी12 किंवा लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. उलट रक्तस्राव झाला किंवा रक्त चढवलं तर तो कमी दिसतो. आईचं एचबीएवनसी 8.4 म्हणजे सरासरी शुगर 194 च्या आसपास, आणि तुम्ही म्हणता मीटरवर 140 च्या वर क्वचितच जाते. तुम्ही फक्त उपाशीपोटीच मोजत असाल तर जेवणानंतर दोन तासांनीही मोजा. तरीही मेळ बसला नाही, तर औषध वाढवण्याआधी हा फरक डॉक्टरांच्या कानावर घाला.

बी12, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. थायरॉइड मंद असलं तर कोलेस्टेरॉल आणि एमसीव्ही दोन्ही वाढतात, आणि मूत्रपिंड थकलं तर तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरकच कमी पडतं. आणि कृपा करून, बी12 चा रिपोर्ट येईपर्यंत नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.