ऑटोक्लेव्ह नसताना सिलिका एरोजेलवर उत्प्रेरकाचं संशोधन करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: पीएचडीसाठी एरोजेलवर (जेलमधला द्रव काढल्यावर उरणाऱ्या हलक्या, सच्छिद्र घनावर) धातू बसवून उत्प्रेरक करायचे आहेत, विभागात ऑटोक्लेव्ह (जास्त दाब-तापमान सोसणारं बंद भांडं) नाही आणि ओव्हनमध्ये वाळवलेलं जेल दर वेळी तडकतं आणि आक्रसतं.

करता येईल. पण तडकणं आणि आक्रसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. उत्प्रेरक शेवटी भुकटीच्या रूपात वापरायचा, त्यामुळे तड्यांची चिंता सोडा. छिद्रं मिटू न देणं हेच खरं काम. अखंड वडी काढण्यात वर्ष घालवू नका, असं मी ठामपणे सांगेन.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ किस्लरने १९३१ मध्ये द्रव अतिक्रांतिक अवस्थेत (जास्त दाब-तापमानाला द्रव आणि वायू यांत फरक उरत नाही तिथे) नेऊन काढला, म्हणून जेलचा सांगाडा टिकला. ऑटोक्लेव्ह लागतो तो यासाठीच. साध्या दाबाखालची वाट १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत देशपांडे, स्मिथ आणि ब्रिंकर यांनी दाखवली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटानेही यावर भरपूर काम केलंय. ते निबंध आधी वाचा.

१० मिलि टीईओएस (टेट्राइथॉक्सीसिलेन, यातूनच सिलिका बनते), २१ मिलि इथेनॉल आणि ०.००१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल ३ मिलि एकत्र ढवळून २४ तास ठेवा. मग १ मोलर अमोनिया १.८ मिलि थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतला तर जिथे पडला तिथेच गुठळी होते. जेल बसलं की वर इथेनॉल घालून ५० °से.ला एक दिवस मुरू द्या, नाहीतर सांगाडा लेचापेचा राहतो. मग चमच्याने ३-४ मिमीचे तुकडे करा. द्रव आत-बाहेर व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली की काम चौपट लवकर.

आता इथेनॉल दोनदा बदला, मग हेक्झेन तीनदा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. पाणी आणि हेक्झेन मिसळत नाहीत, त्यामुळे आत पाणी उरलं तर तुकड्यात पांढरे डाग दिसतात. हेक्झेनने पृष्ठताण फार घटतो असंही नाही: ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात केशिकादाब (द्रव उडताना भिंती आत ओढणारा दाब) इथेनॉलने सुमारे ८८ बार, तर हेक्झेनने ७४ बार येतो. हेक्झेन लागतो तो पुढच्या पायरीतलं टीएमसीएस (ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन, पृष्ठभागावर मिथाइल गट बसवणारं रसायन) वाया जाऊ नये म्हणून, कारण इथेनॉल आणि पाणी दोन्ही ते खाऊन टाकतात.

हेक्झेनमध्ये आकारमानाने २० टक्के टीएमसीएस घालून एक दिवस ठेवा. हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, म्हणून काम धूरकपाटातच (फ्यूम हूडमध्ये) करायचं आणि झाकण घट्ट लावायचं नाही. नंतर हेक्झेनने दोनदा धुवा. हेक्झेन चटकन पेटतो, त्यामुळे आधी धूरकपाटात उघड्यावर उडू द्या. वास पूर्ण गेल्यावरच ओव्हनमध्ये १५० °से.ला दोन तास. वाळताना तुकडे आधी आक्रसून पांढुरके होतात, मग पुन्हा फुगतात. आक्रसलेले पाहून बिघडलं म्हणून टाकून देऊ नका. पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी मिथाइल आले की भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून जेल सावरतं.

घनता ०.१ ग्रॅम/घन सेंमीच्या आसपास आली तर जमलं. तेव्हा एक ग्रॅममध्ये साधारण ९.५ मिलि पोकळी असते. धातू बसवताना हाच आकडा कामी येतो: १ टक्का पॅलेडियमसाठी २१ मिग्रॅ पॅलेडियम ॲसिटेट ९ मिलि टोल्युइनमध्ये विरघळवून १ ग्रॅम एरोजेलवर थेंबाथेंबाने टाका. पाण्यातलं द्रावण चालत नाही, मिथाइल गटांमुळे ते आत शिरतच नाही. गरम इथेनॉलमध्ये पॅलेडियम काळं होऊन आधीच खाली बसतं. टोल्युइन हळूहळू उडू द्या.

क्षपण (पॅलेडियम ॲसिटेटचं धातूत रूपांतर) हायड्रोजनमध्ये २०० °से.च्या आसपास करा. हवेत ४०० °से.च्या वर भाजलं तर मिथाइल गट जळतात आणि एरोजेल दमट हवेतलं पाणी ओढू लागतं. तसा नमुना पावसाळ्यात उघडा राहिला तर छिद्रं मिटत जातात, म्हणून भाजल्याबरोबर डेसिकेटरमध्ये ठेवा आणि क्षेत्रफळाची बीईटी चाचणी लगेच करून घ्या.