शिफारसपत्र मोठ्या नावाचं की जवळच्या माणसाचं?

प्रश्न : पदवी घेऊन चार वर्षं झाली, सध्या नोकरी करते. आता अमेरिकेत एम.एस.साठी अर्ज करायचाय, तीन शिफारसपत्रं हवीत. विभागप्रमुख म्हणतात, ‘मजकूर तूच लिहून आण, सही करतो.’ प्रकल्पाच्या मॅडम मला नीट ओळखतात, पण हुद्द्याने लहान आहेत. कोणाला विचारू?

उत्तर : आधी मॅडमना विचार. मी शिकवत असताना अशी पत्रं पुष्कळ लिहिली, आणि निवड समितीत बसून त्याहून जास्त वाचली. ‘हुशार, कष्टाळू, शिस्तप्रिय’ एवढंच सांगणारं पत्र, खाली कितीही मोठं पद असो, लक्षात राहत नाही. एका तरुण अध्यापिकेने लिहिलं होतं, ‘मोजमाप तीनदा चुकलं, तेव्हा हिने आकडे जुळवून दिले नाहीत, उपकरणच उघडून बघितलं.’ त्या मुलीबद्दल आम्ही बराच वेळ बोललो.

स्वतःच्या पत्राचा मजकूर स्वतः लिहू नकोस. ती फसवणूक ठरते, आणि उघडकीला आली तर अर्जच बाद होऊ शकतो. सरांना वेळ नसेल तर मुद्दे दे: कोणता विषय, कोणतं वर्ष, प्रकल्पात नेमकं काय केलंस, पुढे काय शिकायचंय. सोबत गुणपत्रिका आणि उद्देशपत्र (काय शिकायचंय आणि का, हे सांगणारं अर्जातलं तुझं निवेदन) जोड. वाक्यं मात्र त्यांचीच हवीत. तेही जमत नसेल, तर ज्यांनी तुला वर्गात प्रश्न विचारताना पाहिलंय असे दुसरे शिक्षक शोध. तिसरं पत्र, अभ्यासक्रमाला चालत असेल तर, कार्यालयातल्या वरिष्ठांचं घे.

अर्जात ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडता का?’ असं विचारतील. हा हक्क १९७४ च्या अमेरिकी कायद्याने दिलाय. माझं मत विचारशील तर तो सोड. तू वाचणार नाहीस हे ठाऊक असलं की पत्रावर जास्त विश्वास बसतो.

अर्जात मॅडमचा महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल भर, पत्र भरायची लिंक विद्यापीठाकडून थेट त्यांनाच जाते. ती स्पॅममध्ये अडकली नाही ना, हे विचारायला संकोचू नकोस. मुदतीच्या निदान पाच-सहा आठवडे आधी विचार, आणि असं विचार : ‘माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का?’ उत्तर देताना त्या घुटमळल्या, तर आग्रह धरू नकोस. आभार मान आणि दुसऱ्या शिक्षकांकडे जा.