खिळ्यांच्या खुणा बुजवलेलं चित्र

"मी ख्रिश्चन आहे हे चित्रातून दिसलं तर लोक म्हणतील प्रचार करते, मग काढूच नको का?" हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे बोलायला येत असतात, त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून.

ती इथेच नागपुरात फाइन आर्टला तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग काढलेला, पण आपल्याकडचा, वस्तीतला नळ, जर्मनची परात आणि त्यात एका बाईच्या भेगाळलेल्या टाचा. मोबाईलवर फोटो दाखवला तर येशूच्या हातांवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके. "खिळ्यांच्या खुणा होत्या, काल रात्री बुजवल्या." एक मित्र म्हणाला होता, इथे पण चर्च आणलं का, आणि आई म्हणाली, "काहून करते वं हे, भाड्याच्या घरात राहतो आपण."

मी म्हटलं, पाय धुतले गुरुवारी, क्रुसावर खिळे ठोकले दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मग खुणा आधीच कशा? तशी ती एकदम ताठ बसली. "मॅडम, ज्या हातांना खिळे बसणार त्याच हातांनी तो पाय धुतोय, मला तेच तर दाखवायचं होतं."

याला मी प्रचार म्हणणार नाही, ही तिची श्रद्धा आहे आणि ती तिच्या हातातून उतरलीये.

पण आईची भीती मी उडवून लावली नाही, घरमालकाला तोंड आईलाच द्यायचं असतं ना. कोण खरंच काय बोललं ते कागदावर लिहायला लावलं तर माणसं निघाली दोनच, सरांना तर तिने विचारलंही नव्हतं. मग तिला चित्रकार अँजेलो दा फोन्सेकांबद्दल (1902-1967) सांगितलं, मूळ गोव्याचे, पुण्यात राहून येशूच्या आईला, मरियेला साडीत रंगवायचे, आणि त्यांच्यावर नाराज झाले ते चर्चमधलेच काही लोक! मित्राला काय सांगायचं तेही बोलून पाहिलं, "तुला पटलंच पाहिजे असं नाही, पण हे माझं आहे."

पुढच्या वेळी आईला सोबत बोलावलं, तासभर बोलणं झालं आणि ठरलं की चित्र लागेल पण इन्स्टावर टाकायचं नाही. मुलीला ते फारसं आवडलं नाही, तरी मानलं तिने.

खुणा परत रंगवल्या. मित्र अजून नीट बोलत नाही. आई प्रदर्शनाला आली, बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या तं माह्याच टाचा आहेत वं."