आधी एमआरआय की आधी दुर्बीण?

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे, जन्मभर बिडी ओढली. दोन महिने अधूनमधून लघवीत रक्त जातंय, दुखत काहीच नाही. सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून काढण्याआधी एमआरआय करा. गाठ काढायचीच आहे तर हा खर्च कशाला?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : गाठ पिशवीच्या अस्तरापुरती आहे की खालच्या स्नायूत शिरली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. वरवरची असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात आणि गरजेप्रमाणे पिशवीत बीसीजी (क्षयाची लस, इथे औषध म्हणून) सोडतात. स्नायूत शिरली असेल तर बहुधा केमो आणि पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया, काहींना केमोसोबत रेडिएशन.

एमआरआयच्या टी-२ नावाच्या चित्रात हा स्नायू काळ्या रेघेसारखा दिसतो. गाठीखाली ती रेघ अखंड आहे की तुटली, हेच पाहायचं असतं. डिफ्युजनची (पाण्याचे कण कसे हलतात ते दाखवणारी) आणि गॅडोलिनियम हे औषध शिरेत टोचून घेतलेली चित्रं जोडीला पाहून १ ते ५ गुण देतात. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीचं नाव व्हाय-रॅड्स. १-२ असेल तर स्नायूत शिरल्याची शक्यता कमी, ४-५ असेल तर जास्त, ३ म्हणजे सांगता येत नाही. हा गुण म्हणजे स्टेज नव्हे! रिपोर्टात ४ दिसला की ‘चौथी स्टेज’ समजून घरात रडारड सुरू होते.

आधी खरवडलं तर सूज आणि रक्तामुळे रेघ पुसट होते, मग एमआरआयसाठी किमान दोन आठवडे थांबावं लागतं. म्हणून डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे.

तपासणी बिघडते ती बहुतेकदा पिशवीमुळे. एसटीतून उतरलं की माणूस आधी लघवीला जातो, उन्हाळ्यात पोटात पाणीही नसतं. रिकाम्या पिशवीची भिंत आक्रसून जाड होते, गाठीसारखी भासते. तट्ट भरली तर अर्धा-पाऊण तास निश्चल पडवत नाही आणि चित्र हलतं. साधारण ३०० मिली लघवी साठलेली बरी : तास-दोन तास आधी लघवी करून यावं, अर्धा तास आधी अर्धा ते एक लिटर पाणी प्यावं. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, कॅथेटर (लघवीची नळी) असेल, तर आधी विचारा.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या, गॅडोलिनियमसाठी लागतो. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर तारीख घेतानाच सांगा. चांदीचा करदोडा घरीच उतरवा, तो नेमका तपासायच्या जागेवर येतो. चुन्याची डबीही खिशात नको.

एमआरआयने बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची तपासणी) मात्र टळत नाही. कॅन्सर किती आक्रमक आहे ते एमआरआयमध्ये कळत नाही, अस्तरावरचा चपटा कॅन्सर सहज निसटतो. खरवडलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का, हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात जरूर पाहा. नसेल तर बऱ्याचदा पुन्हा दुर्बीण घालावी लागते. आणि शस्त्रक्रियेला जाताना एमआरआयची सीडी सोबत ठेवा. नुसत्या कागदावरून सर्जनला ती रेघ दिसत नाही.