वेरोना या इटालियन क्लबने १९८४-८५ ला सेरी आ (इटलीची टॉप फुटबॉल लीग) जिंकली ती नशिबाने का?

नाही, नशीब म्हणणं अन्याय आहे त्या टीमवर. त्या सीझनला फ्रेंच स्टार प्लातिनी युव्हेंटससारख्या मोठ्या क्लबमध्ये, मॅराडोना नुकताच नापोलीत आलेला, आणि पहिल्याच मॅचला वेरोनाने नापोलीला ३-१ हरवलं, त्यात नवीन आलेल्या जर्मन ब्रीगलने मॅराडोनाला मार्क पण केलं (म्हणजे मॅचभर चिकटून अडवलं) आणि वर स्वतः गोल पण मारला!

खरं श्रेय कोच ओस्वाल्दो बान्योलीचं. १९८१ ला आला तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनला होता, पुढच्याच वर्षी वर आणला, मग लगेच चौथा नंबर. फान्ना, गाल्देरिसी हे युव्हेंटसमध्ये नीट जागा न मिळालेले प्लेअर, त्यांच्याकडून त्याने काय खेळ काढून घेतला! गोलकीपर गारेल्ला तर हातापेक्षा पायानेच जास्त सेव्ह करायचा असं वाटतं. आणि डॅनिश स्ट्रायकर एल्कियर, युव्हेंटसविरुद्ध बूट निघून गेला तरी तसाच धावत जाऊन गोल मारला, तो व्हिडिओ बघाच.

३० मॅच, फक्त २ हरल्या, १९ गोल खाल्ले. दुसऱ्या नंबरच्या तोरिनोपेक्षा ४ पॉइंट जास्त, तेही जिंकल्यावर २च पॉइंट मिळायचे तेव्हा. १२ मे १९८५ ला अटालांटा क्लबशी १-१ करून टायटल पक्कं झालं.

त्या वर्षी कोणत्या मॅचला कोण रेफ्री हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे म्हणून मोठ्या क्लबांचं चाललं नाही असं बरेच जण म्हणतात, थोडा फरक पडलाही असेल, पण चिठ्ठीने १९ गोलचा डिफेन्स उभा राहत नाही हो.