माथेफिरू, हुतात्मा आणि शहीद

अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनला ‘माथेफिरू’ म्हणावे की ‘हुतात्मा’, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘माथेफिरू’ हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका सैल वापरला आहे की हिंसा करणाऱ्या कोणालाही तो बिनदिक्कत चिकटवला जातो, याचा मला मनस्वी संताप येतो. ब्राऊनच्या बाबतीत तर त्या शब्दामागे एक कज्जा आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी या गावच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घालून तो पकडला गेला, तेव्हा त्याला फाशीपासून वाचवण्यासाठी घराण्यात वेड असल्याची १९ प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यात आली. मात्र वेडाचा बचाव त्याने स्वतः भर न्यायालयात धुडकावला होता. ॲलन नेव्हिन्ससारख्या मातब्बर इतिहासकाराने ब्राऊनच्या वेडाबद्दल त्याच प्रतिज्ञापत्रांवर भिस्त ठेवावी, हे मला पटत नाही. जीव वाचवण्यासाठी दिलेली ग्वाही निदान म्हणून वाचता येत नाही, हा ब्राऊनचे चरित्रकार स्टीफन ओट्स यांचा आक्षेप रास्त आहे.

सावरकरांनी रूढ केलेल्या ‘हुतात्मा’ शब्दात ‘हु’ म्हणजे आहुती देणे हा धातू आहे. ज्याने स्वतःला होमले तो हुतात्मा, त्यामुळे २ डिसेंबर १८५९ च्या फाशीला तो शब्द शोभतो. पण मे १८५६ मध्ये कॅन्ससमधील पोटावाटोमी ओढ्याकाठी ब्राऊनच्या टोळीने घरांतून ओढून काढून ठार मारलेल्या पाच गुलामगिरी-समर्थकांबद्दल तो गप्प राहतो.

माझ्या मते खरा शब्द ‘शहीद’ हा आहे, आणि तो परका म्हणून वगळा असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी त्याचे मूळ एकदा तरी पाहावे. अरबीत त्याचा मूळ अर्थ साक्षीदार! ‘शहादत’ म्हणजे साक्ष, आणि साक्ष याच अर्थाचा ‘शाहेदी’ हा शब्द जुन्या मराठीतही होता. ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीतला ‘मार्टर’ आला, त्याचाही अर्थ साक्षीदारच. ब्राऊनचा छापा दीड दिवसात चिरडला गेला, आणि त्यात पहिला बळी पडला तो हेवर्ड शेफर्ड हा स्वतंत्र कृष्णवर्णीय रेल्वे कर्मचारी. अमेरिकेच्या उत्तरेकडील, गुलामगिरी नसलेल्या राज्यांतील लोकांची मने हलवली ती त्या छाप्याने नव्हे, तर शिक्षा सुनावली जाताना ब्राऊनने न्यायालयात केलेल्या भाषणाने. फाशीच्या दिवशी दिलेल्या चिठ्ठीत त्याने लिहिले की, या अपराधी भूमीची पापे रक्तावाचून धुतली जाणार नाहीत याची आता खात्री पटली आहे. साक्षीदाराचे हात स्वच्छ असतात, असे ‘शहीद’ हा शब्द कुठेच म्हणत नाही.