वाचक विचारतात : घरचे सोहळे आणि छंदाची मंडळी

घरातील मंगलप्रसंग आणि आपण ज्या मंडळांत, गटांत रमतो ती मंडळी यांची सांगड कशी घालावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे वडील लवकरच ऐंशी वर्षे पूर्ण करतील. आम्ही तिघे भावंडे पुण्यात असून त्यांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा पुण्यातच सभागृह घेऊन थाटाने करावा, असा आमचा विचार आहे. वडील मात्र साताऱ्याजवळच्या गावी राहतात, तेथील भजनी मंडळात तरुणपणापासून पखवाज वाजवतात, आणि सोहळ्याचा विषय काढला की ‘मला काही नको’ एवढेच म्हणतात. शिवाय सोहळा ऐंशी पूर्ण होताच करावा की एक्याऐंशीव्या वर्षात, यावरही घरात एकमत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तारखेचा प्रश्न सोडवू, कारण तो सोपा आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस लागतात, आणि त्यांची होतात ऐंशी वर्षे व जवळपास दहा महिने. दुसऱ्या रीतीने मोजले तरी हेच उत्तर येते : ऐंशी वर्षांच्या ९६० पौर्णिमा, दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासांच्या एकोणतीस-तीस, आणि उरलेल्या दहा-अकरा पुढच्या वर्षात. काही घरांत ऐंशी पूर्ण होताच सोहळा करतात, काही घरांत एक्याऐंशीव्या वर्षात सोयीने करतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे भाऊ बरोबर आहेत, असे सांगून हा वाद मिटवावा. मुहूर्त तुमचे गुरुजी काढून देतील. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की हाताशी बराच अवकाश आहे आणि घाईने मिळेल ते सभागृह पकडण्याचे कारण नाही.

आता वडिलांच्या ‘मला काही नको’विषयी. या वयाची माणसे असे म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा ‘हे असले नको’ एवढेच सुचवायचे असते. पुण्याच्या सभागृहात त्यांना व्यासपीठावरच्या सोफ्यावर बसावे लागेल, ओळखीचे-अनोळखी लोक रांगेने येऊन पाया पडतील, छायाचित्रे निघतील आणि जेवणाची घाई सुरू होईल. ज्यांच्यासोबत त्यांनी इतक्या एकादशा जागवल्या, त्यांतील निम्मे लोक संध्याकाळची धार सोडून पुण्याला येऊच शकणार नाहीत, आणि जे येतील ते कोपऱ्यातील खुर्च्यांवर अवघडून बसतील. वडिलांना हे सारे आताच दिसत असणार. त्यांचा नकार हा सोहळ्याला नसून या बैठकव्यवस्थेला आहे, असे मला पत्र वाचून वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की सोहळा गावी करावा. सकाळी होम, औक्षण आणि घरच्यांचे जेवण व्हावे आणि संध्याकाळ पूर्णपणे भजनाला द्यावी. वारीचे दिवस, एकादशी आणि गावच्या हरिनाम सप्ताहाच्या तारखा टाळूनच दिवस ठरवावा, कारण त्या काळात मंडळ अन्यत्र बांधलेले असते. मंडळाला निमंत्रण द्यायचे ते मोबाइलवर पत्रिका पाठवून नव्हे. तुमच्यापैकी एकाने गावी जावे, मंडळाच्या प्रमुखांच्या घरी नारळ-सुपारी द्यावी आणि दोन-चार सदस्यांसमोर ‘अमुक दिवशी आमच्याकडे सेवा करावी’ असे सांगावे. मानधनाचा विषय तेथेच, पण प्रमुखांना बाजूला घेऊन विचारावा. अनेक मंडळे घरच्या माणसाच्या कार्यात पैसे घेत नाहीत आणि चारचौघांत पाकीट पुढे केले तर ते अपमान समजतात. त्याऐवजी मंडळाच्या पखवाजाच्या पुड्या, म्हणजे तोंडांवरची चामडी, नव्याने बसवून देता येतील, टाळांचे काही जोड देता येतील किंवा बैठकीसाठी चांगल्या सतरंज्या देता येतील. शाल आणि स्मृतिचिन्ह कपाटात जाते, पुडी मात्र दर एकादशीला वाजते.

आणखी एक गोष्ट अवश्य करावी. उत्सवमूर्ती म्हणून वडिलांना श्रोत्यांत बसवून ठेवू नये. निदान पहिल्या गजराला तरी पखवाज त्यांच्याच मांडीवर असावा. हात थकले की शेजारचा तरुण वादक पुढे घेईल, ही व्यवस्था मंडळाला सांगावी लागत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, ओली कणीक लावतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती भिजवण्याचे काम पुण्याहून येणाऱ्या नातवंडांपैकी एकाकडे द्यावे. कणीक किती सैल असावी, थाप मारून घुमारा ऐकायचा आणि मग चिमूटभर लावायची की काढायची, हे आजोबा शेजारी बसून सांगतील. नातवाला भाषण पाठ करायला लावण्यापेक्षा हे दोघांनाही जास्त आवडेल. भजनानंतरच पान वाढावे. आधी जेवण झाले की आवाज चढत नाही, अशी भजनी मंडळींची नेहमीची तक्रार असते.

प्रश्न : माझ्या सुनेची या श्रावणात पहिली मंगळागौर आहे. मी आमच्या सोसायटीतील मंगळागौरीच्या खेळांच्या गटात आहे. आम्ही स्पर्धांतही भाग घेतो. गटातील सर्वांची इच्छा आहे की सोसायटीच्या सभागृहात मोठा कार्यक्रम करून सुनेलाही सोबत उतरवावे. सून बँकेत नोकरी करते. ती म्हणते, ‘आई, पूजा मी मनापासून करीन, पण शंभर माणसांसमोर खेळायला मला सांगू नका.’ मैत्रिणींना काय सांगू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मंगळागौर हा सुनेच्या आयुष्यातील प्रसंग आहे, खेळांचा गट हा तुमचा छंद आहे. दोन्ही चांगल्या आहेत, पण पहिलीच्या दिवशी दुसरीने मध्ये बसू नये.

रात्र जागवायची म्हणून हे खेळ आले. पूजेला जमलेल्या वशेळ्या (सोबत पूजा करणाऱ्या नवविवाहिता), नणंदा, शेजारच्या मुली आणि एखादी उत्साही आत्या, एवढाच तो घोळका असे, आणि त्यात पाहणारे वेगळे व खेळणारे वेगळे असा भेद फारसा नव्हता. तुमच्यासारख्या गटांनी हे खेळ बसवले, रंगमंचावर आणले, एकसारख्या नऊवारीत रांगेने नेमके केले, आणि त्यामुळे शहरांतील कित्येक मुलींना आगोटा-पागोटा किंवा लाट्या बाई लाट्या हे खेळ पाहायला तरी मिळाले. याचे श्रेय गटांना द्यायलाच हवे. परंतु रंगमंचावरचा खेळ सरावाने येतो आणि प्रेक्षकांसाठी असतो. ज्या मुलीने तो सराव केलेला नाही, तिला तुमच्या तरबेज रांगेत उभे केले की ती दिवसभर केवळ पाय चुकण्याच्या धास्तीत राहील.

मंगळवारी कामाचा दिवस असतो. तेव्हा सकाळी घरी पूजा करून, सवाष्णींना जेवू घालून तिला हवे तर कामावर जाऊ द्यावे, आणि खेळ शनिवारी रात्री घरातच ठेवावेत. कोणाला बोलवायचे ते सुनेने ठरवावे. तिच्या बँकेतील मैत्रिणी आल्या तर त्यांना फुगडीची पकड शिकवण्याचे काम तुमच्या गटातील दोघी-तिघींना आनंदाने करता येईल. साध्या फुगडीने आणि झिम्म्याने आरंभ करावा. बसफुगडी आणि कोंबडा हे खेळ ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीच खेळावेत. गुळगुळीत फरशीवर रेशमी काठ पायात येऊन घसरायला वेळ लागत नाही, म्हणून नऊवारी आखूड नेसावी आणि फरशी कोरडी ठेवावी. वयस्कर बायकांना सूप नाचवायला द्यावे आणि गाणी त्यांच्याकडे सोपवावीत. गाणे सांगणारी बाई नसेल तर पिंगा दोन मिनिटांत थंड पडतो.

गटाचा कार्यक्रम श्रावणातील दुसऱ्या एखाद्या दिवशी सभागृहात अवश्य करावा आणि सुनेने त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षे पूजतात. पुढच्या एखाद्या श्रावणात ती आपण होऊन रांगेत आली तर उत्तमच. आणि एक विचारावेसे वाटते : पहिली मंगळागौर माहेरी करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. विहीणबाईंशी तुमचे बोलणे झाले आहे ना?

प्रश्न : आमच्या मुलाचे पहिले बोरन्हाण येथील मराठी मंडळातील मित्रपरिवारासोबत करायचे आहे. येथे बोरे मिळत नाहीत आणि संक्रांतीला बाहेर बर्फ असतो. कसे करावे?
— एक वाचक, टोरंटो

उत्तर : संक्रांतीच्याच दिवशी करण्याची सक्ती नाही, रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते. मात्र रथसप्तमी तिथीने येत असल्यामुळे हा अवधी दरवर्षी बदलतो. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच होती, म्हणून मंडळाची जागा ठरवण्यापूर्वी पंचांग पाहावे. बोरे नसली तर चुरमुरे, साखरफुटाणे, बत्तासे आणि छोटी चॉकलेटे चालतील. हलव्याचे दागिने भारतातून मागवले तर हवाबंद डब्यात ठेवावेत, दमट हवेत ते चिकट होतात. मुलगा लहान आहे, तेव्हा त्याच्या डोक्यावरून ओतलेल्या शेंगदाणे, हरभरे, बत्तासे यांसारख्या टणक वस्तू त्याच्या तोंडात जाणार नाहीत, यासाठी एका मोठ्या माणसाने केवळ तेवढेच पाहावे. बाकीची मुले खाऊ लुटण्यात गुंतलेली असतात आणि मोठी माणसे छायाचित्रांत, म्हणून हे सांगितले.

प्रश्न : मी साठ वर्षांची होत आहे. मुलांना साठीशांत करायची आहे. माझा कर्मकांडावर फारसा विश्वास नाही. आम्हा मैत्रिणींची पुस्तक भिशी आहे. दरमहा वर्गणी काढायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिने पुस्तके घ्यायची, अशी. त्यांच्यासोबत तो दिवस घालवावा असे वाटते. मुलांचे मन मोडावेसेही वाटत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : साठीचे महत्त्व संवत्सरांच्या चक्रात आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे होतात आणि माणूस एकसष्टाव्या वर्षात शिरतो तेव्हा त्याच्या जन्माचे संवत्सर पुन्हा येते. उदाहरणार्थ, १९६६च्या गुढीपाडव्याला सुरू झालेले पराभव संवत्सर २०२६च्या पाडव्याला पुन्हा आले. एवढे समजून घेतले तर हा दिवस पाळण्यासाठी श्रद्धा असलीच पाहिजे असे नाही. ही एक मोजणीही आहे, आणि ती मला तरी सुंदर वाटते.

मुलांना शांत करू द्यावी, पण ती घरात आणि थोडक्यात व्हावी, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे. उग्ररथ शांतीचा, म्हणजेच साठीशांतीचा, विधी गुरुजी सकाळच्या वेळात आटोपू शकतात. दुपारनंतरचा दिवस तुमचा. भिशीतील मैत्रिणींना बोलवावे, आणि निमंत्रणात ‘आहेर आणू नये’ असे मोघम न लिहिता, प्रत्येकीने आपले वाचून झालेले, पुन्हा वाचावेसे वाटणारे एक पुस्तक आणावे, असे लिहावे. त्या महिन्याची चिठ्ठी तुमच्या घरीच काढावी. मुलांनाही या वेळी वर्गणी भरायला लावावी. सून किंवा जावई यांच्यापैकी कोणाची चिठ्ठी निघाली, तर त्यांना नियमाप्रमाणे पुस्तके घ्यावी लागतील आणि पुढच्या बैठकीत त्यांविषयी बोलावेही लागेल, याची कल्पना त्यांना आधी देऊ नये.